डॉक्टरांनी तपासलंय

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. फणसाच्या लाकडाचा, दवाखान्यातला. पण माझी कुळकथा थोडी थांबू द्या, आधी एक हिशेब करू.

वाशीतली आमची चार मजली इमारत पाडून तिथे टोलेजंग टॉवर बांधायचं ठरलं, तेव्हा डॉक्टर अय्युब मुकादमांना त्यातून काय मिळणार होतं? लिफ्ट मिळणार होती. डॉक्टर तळमजल्यावर राहायचे. दोन गाड्यांची जागा मिळणार होती. डॉक्टरांकडे एक सायकल होती, आणि तीही ते बहुतेक वेळा हातात धरून चालायचे, कारण वाटेत कोणीतरी थांबवून पोटाची नाहीतर सुनेची तक्रार सांगायचंच. पोहण्याचा तलाव मिळणार होता. डॉक्टरांचं बालपण श्रीवर्धनच्या समुद्रात गेलेलं. तलावाचं रंगीत चित्र बघून ते म्हणाले, "छान आहे. पण यात मासे कुठे आहेत?"

म्हणजे जमेच्या बाजूला भोपळा. त्यांना हवी होती एकच गोष्ट: खाली, रस्त्याच्या बाजूला, एक खोली. मी मावेन एवढी.

आता माझ्याविषयी. श्रीवर्धनला डॉक्टरांच्या परसात एक फणस होता. मुलगा शहरात दवाखाना काढतोय म्हटल्यावर आईने तो तोडायला लावला. जोतीराम सुताराने मला घडवलं. आई एवढंच म्हणाली, "लोकांना उभं ठेवू नको रे." एसटीच्या टपावर आडवा पडून मी वाशीत आलो. तेव्हा इथे संध्याकाळी खाडीकडून कोल्हेकुई ऐकू यायची आणि दिवसा पेशंट येत नसत. डॉक्टर आणि मी, दोघेच एकमेकांकडे बघत बसायचो.

मग वस्ती वाढली. पुढच्या खोलीत दवाखाना, मागे डॉक्टरांचं घर. माझं एक टोक रस्त्याकडच्या दाराशी, दुसरं डॉक्टरांच्या दाराशी. आमच्याकडे नंबराचे बिल्ले नव्हते. मीच नंबर होतो. नवा माणूस रस्त्याकडच्या टोकाला बसायचा. आतला पेशंट बाहेर आला की शर्मिला, म्हणजे आमची कंपाउंडर, ओरडायची, "सरका!" आणि सगळे एकेक बैठक पुढे सरकायचे. मला पॉलिश कधी लागलं नाही. माणसांच्या सरकण्यानेच मी आरशासारखा झालो. कोणाच्या कडेवर तापाने फणफणलेलं मूल असलं, की काही न बोलता लोक मागे व्हायचे आणि त्या आईला थेट दाराशी बसवायचे. हे मी पाहिलंय, म्हणून मी माणसांना अगदीच वाईट म्हणत नाही. पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, तो भाग वेगळा.

लबाडही होतेच. सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रशेखर आले, की उभ्याउभ्याच घड्याळ बघायचे.

"शर्मिला, मला आधी सोड. मीटिंग आहे."

"मीटिंग पोटाची आहे का?"

"नाही, सोसायटीची."

"मग बसा. पोटाची असती तर सोडलं असतं."

आता एक शब्द नीट लक्षात ठेवा, कारण आमचं सगळं त्या एका शब्दावर फिरलं. तो शब्द म्हणजे 'तपासा'. डॉक्टर इतक्या मन लावून तपासायचे, की लोक काहीही तपासायला आणू लागले. लहान मुलगी इंजेक्शनला घाबरली, तर ते आधी तिच्या बाहुलीची छाती तपासायचे आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "हिला थोडा खोकला आहे, पण ही रडत नाही." मग लोक दहावीच्या मार्कशीटा आणायचे. विजेची बिलं. मुलीला सांगून आलेल्या स्थळाचा फोटो. एकदा एका बाईने पिशवीतून सुरमई काढली. "डॉक्टर, कोळणीने फसवलं का, तपासा ना." डॉक्टरांनी कल्ला उघडून बघितला आणि म्हणाले, "पेशंट काल दगावला आहे." सगळा बाक हसला. म्हणजे मीच.

तुम्हाला गंमत सांगतो. एवढी वर्षं माझ्यावर बसून 'डॉक्टर, हे तपासा, ते तपासा' म्हणणारे शेकड्यांनी गेले. 'डॉक्टर, तुमची तब्येत कशी आहे' म्हणणारी फक्त सुंदराबाई.

सुंदराबाई आमच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या बीडकडच्या. नवरा मार्केटात माथाडी होता, त्या स्वतः कांदा निवडायच्या. नवरा गेला, काम सुटलं, पण कांद्याची ती धूळ छातीतून गेली नाही. धाप लागली की जिना उतरणं त्यांना जमत नसे. म्हणून दोघांनी एक सोय करून ठेवली होती. सुंदराबाईंनी खलबत्त्यातला बत्ता घ्यायचा आणि फरशीवर ठोकायचा, ठक ठक. खाली डॉक्टर जेवत असले तर हात धुऊन, नमाज पढत असले तर तो संपवून, वर जायचे. वाफेचं मशीन बगलेत असायचंच. शर्मिला म्हणायची, "यांना फोन घेऊन दिलाय, तरी बाई बत्ताच वाजवते."

"फोनला रेंज लागती," सुंदराबाई म्हणायच्या. "बत्त्याला काय लागतंय?"

बरं वाटलं की त्या खाली येऊन माझ्या रस्त्याकडच्या टोकाला बसायच्या. औषध नको असलं तरी. सरकत सरकत दाराशी पोचायला तासभर जायचा, तेवढी करमणूक.

"काय सुंदराबाई, आज छातीत काय वाजतंय?"

"पिपाणी वाजतीया डागदर. लगीन हाय कुनाचं तरी."

"मग वऱ्हाडाला जेवायला बोलवा की."

"या की. भाकर हाय, ठेचा हाय. पर तुमी का वाळलाय? रहिमाभाभी जेवायला घालत न्हाईत का?"

असे दिवस होते. मग एका सकाळी तिसऱ्या मजल्यावर चंद्रशेखरांच्या स्वयंपाकघरात छताचा तुकडा कुकरवर पडला. वरण वाया गेलं, माणूस वाचला. इमारत म्हातारी झाली होती, हे खोटं नव्हतं. पोपडे सगळ्यांच्याच घरात पडत होते. पाडून नवी बांधायला हवीच होती. कुजबुज सुरू झाली. कोणाला एक खोली जास्त, कोणाला बाल्कनी. माझ्यावर बसून लोक ताप विसरले आणि चौरस फूट बोलू लागले.

बिल्डरतर्फे बोलायला आला तो रणजीत. शेजारच्या इमारतीत वाढलेला, लहानपणी इंजेक्शनच्या वेळी डॉक्टरांच्या बोटाला कडकडून चावलेला. ती खूण अजून बोटावर होती. रणजीत टाय लावून आला आणि थेट आत न घुसता माझ्या रस्त्याकडच्या टोकाला बसला. शर्मिला म्हणाली, "सरका," तसा हा टायवाला बाबाही सगळ्यांबरोबर एकेक बैठक सरकत दाराशी पोचला. बघणाऱ्यांचं निम्मं मत तिथेच झालं.

चंद्रशेखर डॉक्टरांच्या कानाशी लागले. "डॉक्टर, पोरगा गोड बोलतो. पण आत काय आहे, तुम्हीच बघा. जरा तपासा त्याला."

आणि डॉक्टरांनी खरंच तपासला. दार उघडं होतं. मी ऐकत होतो.

"जीभ दाखव."

"काका, मी आजारी नाहीये."

"दाखव रे. खोटं बोलणाऱ्याची जीभ कोरडी पडते." मग टॉर्चचा खटका वाजला. "खाली माझा दवाखाना राहील?"

"राहील काका. रस्त्याच्या बाजूला, कोपऱ्यात. तुमच्याशिवाय ही बिल्डिंग म्हणजे काय? मी आहे ना."

"सुंदराबाईंना माझ्या वरचीच खोली मिळेल?"

"तेही करू. मी आहे ना."

डॉक्टर बाहेर आले. माझ्यावर बसलेल्या सगळ्या माना वर झाल्या.

"तपासला," डॉक्टर म्हणाले. "चांगला आहे मुलगा."

मित्रांनो, आता तुमच्या मराठीच्या बाईंना विचारा, 'तपासला' आणि 'तपासलं' यात फरक काय. तपासला तो मुलगा. पण ही बातमी दवाखान्यातून निघाली, पहिल्या मजल्यापर्यंत पोचली, तोवर 'मुलगा' जिन्यात कुठेतरी सांडला होता. तिसऱ्या मजल्यावर चंद्रशेखर जो भेटेल त्याला सांगत होते, "डॉक्टरांनी तपासलंय." तपासलंय म्हणजे काय? सगळंच. टॉवर, बिल्डर, कायदा, मुदत. डॉक्टरांनी यातलं काही पाहिलं नव्हतं. त्यांनी एका मुलाची जीभ पाहिली होती.

मीटिंग भरली ती आवारात. मला उचलून बाहेर नेलं. बिल्डरला सगळ्यांचे हात वर हवे होते, एकही खाली नको. सगळे वर झाले, एक सोडून. सुंदराबाईंनी दोन्ही हात पदरात गुंडाळले होते.

"मावशी, हात," चंद्रशेखर म्हणाले.

"मला काय करायचंय तुमचं ते इस मजली? हितं धाप लागली तर खाली डागदर हाय. तितं कोन हाय?"

"अहो, डॉक्टरही असणारच तिथे. त्यांनी सगळं तपासलंय!"

सुंदराबाई डॉक्टरांकडे वळल्या. "तुमी तपासलंय नव्हं, डागदर?"

डॉक्टरांच्या मनात रणजीत. "तपासला ना, सुंदराबाई. साफ आहे."

"मग झालं तर." आणि त्यांनी हात वर केला, चांगला कोपर सरळ करून. टाळ्या पडल्या. बायकांनी त्यांच्या हातात पेढा दिला. तो त्यांनी अर्धा करून डॉक्टरांना दिला.

डॉक्टरांचं निदान चुकलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. रणजीत चांगलाच मुलगा होता. चूक एवढीच, की चांगल्या मुलाला दुसऱ्या कंपनीने पुण्याला बोलावलं. जायच्या दिवशी तो दवाखान्यात येऊन डॉक्टरांच्या पाया पडला. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. "मी सगळं सांगून ठेवलंय, काका." आणि गेला.

त्याच्या जागी उज्वला मॅडम आल्या. आवाज मऊ, हातात टॅबलेट. आमच्याकडच्या टॅबलेटा गिळायच्या, ही बघायची. बोटाने पडदा सरकवत त्या म्हणाल्या, "सर, तळाला तर सगळं पार्किंग आहे. दवाखान्याचं कोणी लिहून दिलंय का?"

"लिहून नाही दिलं," शर्मिला फटकन म्हणाली. "जीभ दाखवली होती!"

उज्वला मॅडमना ते कळलं नाही. कळावं कसं? त्यांनी खालच्या आवाजात 'सॉरी सर' म्हटलं, आणि सुंदराबाईंची खोली बाराव्या मजल्यावर आल्याचं सांगितलं. सोडतीत जे आलं ते.

तेव्हा चंद्रशेखरांनी एक फार हुशार वाक्य टाकलं. असं वाक्य बोलायला माणूस सेक्रेटरीच असावा लागतो. ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही फक्त सांगा. तुमच्यासाठी आम्ही सगळं काम अडवतो. लोकांच्या डोक्यावर स्लॅब पडेल, पोरांच्या शाळांचे वांधे होतील, पण अडवतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यावर नेहमीची मंडळी बसली होती. ज्यांचे ताप त्यांनी उतरवले, ज्यांच्या पोरांच्या बाहुल्या तपासल्या, ती मंडळी. यातल्या एकाने जरी 'सरका' म्हटलं असतं, 'आपण थोडं सरकू, डॉक्टरांना जागा करू' म्हटलं असतं, तर बाकीचे सरकले असते. बाकाच्या अनुभवाने सांगतो, पहिला सरकला की रांग सरकते. पण सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसले.

"नको," डॉक्टर म्हणाले. "कोणाच्या डोक्यात स्लॅब पडायला नको. होऊ द्या."

"बघूच आपण नंतर," चंद्रशेखर म्हणाले, आणि सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. 'बघू' हे आपल्याकडचं फार गुणकारी औषध आहे. देणाऱ्याला लगेच आराम पडतो.

घरं रिकामी झाली. डॉक्टर आणि रहिमाभाभी ऐरोलीला मुलाकडे गेले, रायानकडे. एवढ्या उंचावर, की खाली खोकणारा माणूस मुंगीएवढा दिसतो, असं शर्मिला सांगायची. सुंदराबाई कळंबोलीला पुतण्याकडे, शहाजीकडे. त्याची खोली ट्रकच्या अड्ड्याला लागून. दिवसभर लोखंड उतरतं, धूळ आणि डिझेलचा धूर. कांद्याची धूळ त्यापुढे अत्तर.

मला कोणी नेलं नाही. नव्या जागेत माझं काय काम? पाडापाडीत माझा एक पाय मोडला. भंगारवाल्याने उचलून बघितलं आणि 'लाकूड आहे' म्हणून परत टाकलं. शेवटी गेटवरचे वॉचमन बाबासो यांनी मोडक्या पायाखाली फरशीचा ब्लॉक लावून मला पत्र्याच्या कुंपणाशी ठेवलं. माझ्यावर ते डबा खातात. पाऊस पडतो तेव्हा मी भिजतो.

शर्मिलाला जवळच्या एका मोठ्या पॉलिक्लिनिकमध्ये काम मिळालं. दुपारी ती माझ्यावर येऊन बसते आणि फोन करते. तिच्याकडून मला बातम्या कळायच्या.

"मावशी, बरी आहेस ना?"

तिकडून सुंदराबाईंचा आवाज यायचा, मध्ये मध्ये तुटलेला. "बरी हाय गं. डागदरला सांग, बरी हाय म्हून."

"पंप घेतेस का? तिथल्या डॉक्टरांकडे जातेस ना?"

"जाती की. तितं काचंच्या मागं एक पोरगी बसती. नाव इचारती, फाइल इचारती. धाप लागली का म्हून कुनी इचारत न्हाई."

डॉक्टरही फोन करायचे. त्यांनाही सुंदराबाई 'बरी हाय'च सांगायच्या. एवढ्या लांबून डॉक्टरांनी धावत यावं, हे त्यांना नको होतं. आयुष्यभर बरोबर निदान करणाऱ्या माणसाला फोनवर जीभ कशी दिसणार?

ऑक्टोबरची दुपार होती. रविवार, म्हणून शर्मिला नव्हती. कळंबोलीच्या बसमधून उतरून एक म्हातारी गेटपाशी आली. हातात पिशवी. मी तिला चालीवरून ओळखलं. बाबासोंनी ओळखायचं काही कारण नव्हतं. डॉक्टर ऐरोलीला गेलेत हे तिला ठाऊक होतं, पण धापेत पाय जुन्याच दाराकडे वळले असावेत.

"डागदर हायत का?"

"कुठले डॉक्टर आजी? हितं नुसते इंजिनियर हायत."

तिने कुंपणाच्या फटीतून आत बघितलं. आत मोठा खड्डा होता आणि त्यात लोखंडाच्या सळ्या उभ्या होत्या. मग तिला मी दिसलो. तिने माझ्यावर हात फिरवला आणि बसली. कुठे? रस्त्याकडच्या टोकाला. तिथेच बसायचं असतं ना.

बाबासोंनी पाणी दिलं. ती थोडं प्यायली. श्वास वाजत होता. पिपाणी नव्हे आता, फुटक्या भात्यासारखा. थोड्या वेळाने ती एक बैठक पुढे सरकली. माझ्यावर दुसरं कोणी नव्हतं. मग आणखी एक. अशी सरकत सरकत ती माझ्या दुसऱ्या टोकाला पोचली, जिथे पूर्वी डॉक्टरांचं दार असायचं. तिथे पत्रा होता. आणि मग तिने मूठ वळून माझ्यावर ठोकलं. ठक ठक.

बाबासोंना वाटलं, म्हातारी मनात भजन म्हणतेय.

थांबली. पुन्हा ठक ठक. मित्रांनो, मी लाकूड आहे. मला आवाज येतो, पण मला तो कोणापर्यंत पोचवता येत नाही.

मान कलली तेव्हा बाबासो धावले. भला माणूस, त्यांना दोष नाही. रिक्षा थांबवली, स्वतः उचलून बसवलं, रिक्षावाल्याला म्हणाले, "दवाखान्यात पळव." पिशवी माझ्यावरच राहिली. तिच्यात फडक्यात बांधलेली भाकर होती आणि ठेचा. रिक्षा सिग्नलच्या पलीकडे गेली नसेल तोवर सगळं संपलं होतं, असं दुसऱ्या दिवशी शर्मिलाने रडत सांगितलं.

नंतर डॉक्टर आले. सायकल नव्हती. खूप वाळले होते. त्यांनी बाबासोंना विचारलं, "कुठे बसली होती?"

"पहिली हितं, रस्त्याकडं. मंग सरकत सरकत तितं टोकाला गेली. सायेब, रांग नव्हती, कुनी नव्हतं, तरी सरकत व्हती. आन बाकावर असं ठोकत व्हती."

डॉक्टरांनी माझ्या त्या टोकावर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने वर ठोकून ऐकलं, छाती तपासतात तसं. मग ते चालत माझ्या रस्त्याकडच्या टोकाला आले आणि बसले, नवा पेशंट बसतो तिथे. बराच वेळ बसले. सरकले नाहीत. पुढे कोणी बोलावणारं नव्हतं.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, माझा पाय बसवून द्या, असलं मी काही मागणार नाही. माझ्या लाकडाला वाळवी लागली आहे आणि बाबासो हिवाळ्यात शेकोटी करतात. पण तुमच्याही जिन्याखाली एखादा चांगला माणूस राहत असेल. तुम्ही त्याच्याकडे मार्कशीट घेऊन जाल, मासळी घेऊन जाल, जरूर जा. फक्त एकदा हात रिकामे ठेवून जा आणि त्याला काय हवंय ते विचारा. आणि तो सांगेल तेव्हा चपलांकडे बघू नका. थोडं सरका.

राहिला हिशेब. चंद्रशेखरांना एक खोली जास्त आणि बाल्कनी मिळेल, बाकीच्यांनाही मिळेल. रणजीतला पुण्यात मोठी केबिन मिळाली. उज्वला मॅडमचं पार्किंग कागदावर आहे तसंच उतरेल. डॉक्टरांनाही घर मिळेल, लिफ्टसकट. वरून ठोकणारं कोणी नसलेलं. आणि हे सगळं ज्यांच्या हातामुळे पूर्ण झालं, त्या सुंदराबाईंनी सगळ्यांचं बिल, एकटीने, श्वासाने भरलं.